आधी काय, मग काय?

परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बेंगळुरात सर्व्हर सांभाळतो. चहा पुढे ठेवला तरी चेहरा उतरलेलाच. 'सर, मोदलु यावुदु, आमेले यावुदु, एवढंच चुकलं आणि सगळी रात्र गेली!'

त्याच्या कामात पपेट नावाची प्रणाली असते, २००५ पासूनची. तिला कृती सांगायची नसते. वेबसाइट चालवणारं अपाची हवं, त्याची सेटिंगची फाइल अशी हवी, सेवा चालू हवी, एवढंच लिहायचं. यानं फाइल आधी लिहिली, अपाची नंतर. जुन्या सर्व्हरांवर वर्षभर काही बिघडलं नाही, कारण तिथं अपाची आधीपासूनच होतं. कोऱ्या सर्व्हरवर मात्र फाइल ठेवायला फोल्डरच नाही! चूक वर्षभर घरात सुखानं नांदत होती म्हणायची.

अपाचीला लागणारी इतर पॅकेजं लिनक्स स्वतः ओढून आणतं. पण आपली फाइल कशावर अवलंबून आहे, हे माणसानंच सांगायचं. न सांगितल्यास २०१५ च्या चौथ्या आवृत्तीपासून पपेट लिहिलेल्या क्रमानं जातं; त्याआधी तेवढाही भरवसा नव्हता.

सांगितलं की पुढचा हिशेब सोपा. ज्याला कुणाची वाट बघायची नाही ते आधी उरकायचं, यादीतून काढायचं, पुन्हा तसंच शोधायचं. आर्थर काह्न यांनी ही रीत १९६२ मध्ये मांडली.

घाईत यानं फाइलला अपाचीची वाट बघायला लावलं, आणि अपाचीलाही फाइलची! मानापमानात अडलेले व्याहीच जणू. पपेटनं सरळ नकार दिला. पहाटे ती जादा ओळ पुसली तेव्हा कुठं सर्व्हर उभा राहिला.

आता दर सोमवारी एक कोरा सर्व्हर उभारून बघणार, म्हणाला.