उत्तर बरोबर, प्रोग्राम चुकीचा

प्रभादेवीच्या रवींद्र नाट्यमंदिरात, समजा, एका रांगेत वीसच खुर्च्या आहेत आणि कुणाच्या हाती त्याच रांगेतले एकविसावे तिकीट आले. डोअरकीपर त्याला अडवेल. सी भाषेतला प्रोग्राम अडवत नाही. विसाव्या खुर्चीपलीकडे जिना असो की भिंत, त्यालाच खुर्ची समजून तो बसायला जातो.

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक याच जातीच्या चुकीने बंद पडले. सीचेच भावंड असलेल्या सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली क्राउडस्ट्राइक कंपनीची सुरक्षा प्रणाली, माहितीची वीसच घरे हाती असताना एकविसावे वाचायला गेली. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडेनात, अमेरिकेत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मुंबई विमानतळावरही त्या दिवशी चेक-इन हातानेच चालले. आणि चूक काही आदल्या रात्रीची नव्हती, ती कित्येक महिने तशीच होती. एकविसाव्या घरात डोकावण्याची वेळच आली नव्हती, म्हणून चाचण्या पास होत राहिल्या.

आपल्याकडे अभियांत्रिकी आणि पदविकेचे असंख्य विद्यार्थी प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा सी भाषेतच करतात. प्रॅक्टिकलला पडद्यावर अपेक्षित उत्तर दिसले की गुण मिळतात. खोट इथेच आहे. मेमरीची चूक घडते एकीकडे आणि दिसते, दिसलीच तर, भलतीकडे. सोडलेल्या खोलीच्या जुन्या किल्लीने कुणी आत ये-जा करत राहिले, तरी नवा भाडेकरू येईपर्यंत बोभाटा होत नाही. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणाऱ्या प्रोग्रामचे तसेच. कॉलेजात चालतो, गिऱ्हाइकाकडे कोसळतो. जागोजागी प्रिंटएफ घालून शोधू म्हटले, तर कधी कधी त्या जादा ओळीनेच चूक लपते!

यावर अवजारे आहेत, तीही फुकट. २००२ पासून उपलब्ध असलेले व्हॅल्ग्रिंड मेमरी कुठे मागितली, कुठे सोडली आणि नंतर तिला कुठे हात लावला, ते ओळीसकट सांगते. वीस घरांच्या साध्या अ‍ॅरेबाहेर पडलेले पाऊल मात्र त्याच्या नजरेतून सुटू शकते. ते गूगलचे अ‍ॅड्रेससॅनिटायझर सहसा पकडते, म्हणून दोन्ही शिकवायला हवीत. प्रोग्राम मंदावतो ही तक्रार पन्नास ओळींच्या प्रॅक्टिकलला लागू नाही. जर्नलमध्ये आउटपुटशेजारी या अवजारांचा अहवाल चिकटवायला सांगितला, तर त्यासाठी वेगळा पेपर लागत नाही, की वेगळा तासही.