साथ, खटला आणि मागचा बाक

१८९७ हे प्लेगचे साल. फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात घरोघर सोल्जर शिरले. २२ जूनच्या रात्री प्लेग कमिटीचा मुख्य रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २७ जुलैला मुंबईत टिळकांना अटक झाली. आरोप राजद्रोहाचा, पुरावा ‘केसरी’तला मजकूर. ८ सप्टेंबरला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला उभा राहिला. ज्युरीत नऊ माणसे, सहा युरोपीय आणि तीन हिंदी. कौलही बरोबर तसाच फुटला, सहा विरुद्ध तीन, आणि १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली गेली. टिळकांचे मूळ गाव चिखलगाव आणि जिथून हे लिहिले जात आहे ते कोकणातले मुरुड एकाच दापोली तालुक्यातले. ज्युरीतली ही फूट इथपर्यंत पोचली, कारण कोर्टात कोण काय बोलले ते वर्तमानपत्रांत छापून येत होते. साथीच्या नावाखाली लोकांच्या माजघरापर्यंत गेलेल्या परक्या सरकारने कोर्टाचे दार मात्र लावून घेतले नाही.

१९०८ च्या खटल्यात टिळक स्वतःच्या बचावासाठी एकवीस तासांहून अधिक बोलले. न. चिं. केळकरांनी त्या खटल्याचा शब्दशः वृत्तांत पुस्तकरूपाने काढला. निकालानंतर टिळक जे बोलले, ते आज त्याच हायकोर्टात संगमरवरावर कोरलेले आहे.  

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत तोच १८९७ चा कायदा कपाटातून पुन्हा बाहेर आला. दुकाने, शाळा, देवळे बंद झाली. कोर्टे पूर्ण बंद नव्हती. रिमांड, जामीन आणि तातडीची कामे चालू होती, पण पक्षकारांच्या येण्यावर बंधने आली आणि नुसते ऐकायला येणाऱ्याचा तर प्रश्नच उरला नाही. संसर्गाचा धोका खरा होता आणि कोर्टाच्या अरुंद व्हरांड्यात पन्नास माणसे उभी करणे शहाणपणाचे नव्हते. त्याबद्दल कुणाची तक्रार नसावी. दार लावताना खिडकी कुठे उघडी ठेवली आणि कुणासाठी, हा खरा प्रश्न आहे.

६ एप्रिल २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने घटनेच्या कलम १४२ खाली देशभरच्या कोर्टांसाठी आदेश काढला. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने काम चालवावे, दोन्ही बाजूंची संमती असल्याशिवाय त्या मार्गाने साक्षीपुरावा नोंदवू नये, न्यायाधीशाला कोर्टात येणाऱ्यांची संख्या मर्यादित करता येईल, मात्र पक्षकार आजारी नसेल तर त्याला अडवू नये. आदेश घाईत निघालेला आणि तरी समंजस होता. त्यात वकिलाची सोय होती, पक्षकाराची होती, ज्याच्याकडे साधन नाही त्याचीही होती. नुसते बघायला आलेल्या माणसाची मात्र अशी हमी नव्हती.

फौजदारी कायद्याने ही हमी फार पूर्वी दिलेली आहे. जुन्या संहितेचे कलम ३२७ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६६ सांगते, की फौजदारी चौकशी आणि खटला जिथे चालतो ती जागा खुले न्यायालय समजावी आणि तिथे सोयीने मावेल तितक्या लोकांना येता यावे. न्यायाधीशाला लोकांना बाहेर काढता येते. बलात्काराच्या खटल्यांत तर सुनावणी बंद दाराआडच होते, आणि व्हायलाच हवी. पण त्यासाठी कुणीतरी तसे ठरवावे लागते. साथीच्या काळात असे प्रकरणागणिक कुणी ठरवले नाही. फाटकावर पोलीस उभा राहिला आणि तेवढ्याने काम झाले.

मुंबईत खिडकी लवकर उघडली. एप्रिल २०२० मध्येच न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी झूमवर सुनावणी घेतली आणि तिची लिंक लोकांसाठी खुली ठेवली. सुप्रीम कोर्टाच्या ई-समितीने त्याच वर्षी तयार केलेल्या नमुना नियमांत तर स्पष्ट लिहिले, की सुनावणी बंद दाराआड घ्यायची नसेल तर लोकांना ती बघू द्यावी आणि त्यासाठी पुरेशा लिंक देण्याचा प्रयत्न करावा. लगेच कंसात बँडविड्थची मेख होती. ती कुठे आडवी येणार, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

कारण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले. मुरुड, हर्णै, आंजर्ले, केळशी या पट्ट्यातल्या माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे दिवे नव्हते. मोबाइलला रेंज यावी म्हणून माणसे डोंगरावर जाऊन उभी राहत होती. त्या महिन्यात कुणी दापोलीच्या कोर्टातल्या सुनावणीची लिंक पाठवली असती, तरी ती उघडायची कशावर?

दापोलीसारख्या ठिकाणी कोर्टात येणारा माणूस मुळात लिंक मागतही नाही. फौजदारी न्यायाचा बराचसा भाग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे रिमांडच्या दहा मिनिटांत घडतो. पोलीस आरोपीला घेऊन येतात. पुकारा होतो. सरकारी वकील सांगतात, तपास बाकी आहे, कोठडी वाढवून हवी. न्यायाधीश आरोपीला विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. मागच्या बाकावर त्याची आई बसलेली असते. तिला कलमे कळत नाहीत. पोरगा लंगडतोय का, त्याच्या ओठाला काय झाले, तो ‘नाही’ म्हणताना कुणाकडे बघतोय, हे तिला बरोबर दिसते. साथीच्या काळात हा प्रसंग बऱ्याच ठिकाणी पडद्यावर गेला. आरोपी तुरुंगातून किंवा पोलीस ठाण्यातून कॅमेऱ्यापुढे उभा आणि चौकटीत खांद्यापासून वरचाच भाग. पाय दिसत नाहीत. त्याच्या बाजूला कोण उभा आहे तेही दिसत नाही. आई फाटकाबाहेर.

पडद्याने काही गोष्टी दाखवल्याही. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांना २१ मे २०२१ रोजी तळोजा तुरुंगातून व्हिडिओवर मुंबई हायकोर्टापुढे हजर केले गेले. समोर न्यायमूर्ती काथावाला आणि न्यायमूर्ती तावडे. आपण आलो तेव्हा स्वतःच्या हाताने जेवत होतो, चालत होतो, अंघोळ करत होतो, आता एकेक करून सारे गेले, असे कंपवाताने पिडलेल्या त्या वृद्धाने सांगितले. जे. जे. रुग्णालयात जायला नकार दिला आणि आपल्या माणसांत जाऊ द्या म्हणाला. पुढे कोर्टाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायला सांगितले. ५ जुलैला जामिनावर सुनावणी चालू असतानाच, त्यांचे निधन झाल्याचे डॉक्टरांनी न्यायमूर्ती शिंदे आणि न्यायमूर्ती जामदार यांना कळवले. मूळ आरोपांबद्दल कुणाचे काही मत असो, हे सारे महाराष्ट्राला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कळले, कारण ती सुनावणी ऐकणारे वार्ताहर होते. आदेशाच्या कागदावर अनेकदा ‘वैद्यकीय कारण’ एवढेच उरते.

त्याच मे महिन्यात सुप्रीम कोर्टापुढे उलटा अर्ज आला. मद्रास हायकोर्टाने करोनाच्या लाटेतल्या प्रचारसभांवरून निवडणूक आयोगाला तोंडी फटकारले होते आणि अशी तोंडी वाक्ये छापू नयेत, असे आयोगाचे म्हणणे होते. ६ मेच्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ते नाकारले. आठवडाभरात, १३ मेला, सुप्रीम कोर्टाने पत्रकारांना सुनावणी बघता येईल असे ॲप दिले. देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टातली ही सोय व्हायला साथीचे दुसरे वर्ष उजाडावे लागले.

या वादाचे मूळ अस्सल मुंबईचे आहे. १९६४ मध्ये ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकावरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराने धंद्याला बट्टा लागेल म्हणून आपली साक्ष छापू नये अशी विनंती केली आणि न्यायमूर्ती तारकुंड्यांनी ती तोंडी मान्य केली. नरेश श्रीधर मिरजकर हे त्याच पत्राचे वार्ताहर सुप्रीम कोर्टात गेले. मार्च १९६६ मध्ये नऊ न्यायाधीशांपैकी आठ त्यांच्या विरुद्ध गेले. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी खुल्या सुनावणीचे महत्त्व मोकळेपणाने मांडले आणि तरीही न्यायासाठी गरज पडल्यास ती झाकण्याचा अधिकार कोर्टाला आहे म्हटले. हिदायतुल्ला एकटे विरोधात राहिले. पुढे नागरी स्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या तारकुंड्यांच्याच तोंडी आदेशावरून हा प्रसंग उभा राहिला, हा इतिहासाचा खट्याळपणा. तरी तिथे निदान एक आदेश होता, त्याला आव्हान देता आले. फाटकावरच्या पोलिसाला कोणत्या कोर्टात आव्हान द्यायचे?

अमेरिकेतली दोन उदाहरणे इथे उपयोगी पडतात. मिनेसोटा राज्यात फौजदारी खटला टीव्हीवर दाखवण्याची रीत नव्हती. जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाबद्दल डेरेक शॉव्हिनवर खटला भरला तेव्हा करोनामुळे दालनात माणसेच बसवता येत नव्हती, म्हणून न्यायाधीश पीटर केहिल यांनी थेट प्रक्षेपणाला परवानगी दिली. एप्रिल २०२१ चा निकाल जगाने पाहिला. दुसरे उदाहरण कमी गाजलेले आणि जास्त मोलाचे. कॅलिफोर्नियात ॲलन नावाच्या आरोपीच्या खटल्यात साथीचे कारण देऊन लोकांना फक्त आवाज ऐकू दिला, चित्र नाही. २०२२ मध्ये अपील कोर्टाने त्याला दोषी ठरवणारा निकालच रद्द केला. नुसते ऐकणे म्हणजे बघणे नव्हे, असे कोर्टाचे म्हणणे पडले. दापोलीतल्या त्या आईला ते पटले असते.

सगळे खटले यूट्यूबवर टाकावेत असा सरळ उपाय कुणी सुचवेल. तो धोक्याचा आहे. पहिल्या साक्षीदाराची जबानी चालू असताना पुढचे साक्षीदार बाहेर बसवतात, कारण ऐकून साक्ष शिकली जाते. थेट प्रक्षेपण असेल तर बाहेर बसवण्याला अर्थ राहत नाही. आणि गावातल्या भांडणात साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या बाईची वीस सेकंदांची चित्रफीत दुपारपर्यंत वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरेल. कोर्टात जाऊन बघणारा माणूस स्वतःही दिसतो. मोबाइलवर बघणारा दिसत नाही, आणि गावात हा फरक फार मोठा ठरतो.

सप्टेंबर २०२२ पासून सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचे काम थेट दिसू लागले आणि शिवसेनेच्या फुटीचा वाद महाराष्ट्राने हातातल्या मोबाइलवर पाहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले, दापोली ज्यात येते तो रत्नागिरी जिल्हा त्याच्याखाली आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या मंडणगडला कोर्टाची नवी इमारत उभी राहिली. इमारती येत आहेत ही आनंदाची गोष्ट. पण पुढची साथ आली तर या इमारतींत रिमांडच्या वेळी मागच्या बाकावर कोण बसणार, याचे उत्तर आधी लिहून ठेवायला हवे. आरोपीच्या घरचा एक माणूस आणि एक वार्ताहर, मास्क लावून, अंतर ठेवून. कॅमेऱ्यात आरोपी पायांपर्यंत दिसावा. शेजारच्या खोलीत बसून पाहण्यासाठी एक पडदा असावा. आणि लोकांना आत सोडायचे नसेल, तर त्या दिवसाच्या बोर्डाशेजारी न्यायाधीशांच्या सहीचा, कारण लिहिलेला कागद लावावा, म्हणजे अपिलात दाखवायला हाताशी काहीतरी राहील.