पंचनाम्यानंतरचा शोक

विदर्भ-मराठवाड्यातील एखाद्या शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या दारी पोलीस येतात, तलाठी येतात, पुढारी येतात. पक्षाचा कार्यकर्ताही पोहोचतो. पंचनामा होतो, कर्जाचे कागद गोळा केले जातात आणि २००६ सालच्या शासननिर्णयाने ठरविलेली एक लाख रुपयांची मदत मिळावी म्हणून प्रकरण 'पात्र' ठरविण्याची धडपड सुरू होते. ही धडपड आवश्यकच आहे. परंतु प्रकरणाचा निकाल लागताच कार्यकर्त्याची पावले त्या उंबरठ्याकडे वळेनाशी होतात, आणि नेमक्या त्याच सुमारास त्या घरातील स्त्री आपल्या दुःखासह एकटी पडते.

शोक हा आजार नव्हे. जिवलग माणूस गेल्यावर रडणे, घास न उतरणे, कामात चित्त नसणे हे माणूसपणाचेच लक्षण आहे. त्यासाठी औषधापेक्षा माणसे हवी असतात. खेड्यातील रीत हे जाणते. घरातली चूल पेटेपर्यंत भावकी भाकरी पोचवते, तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. मात्र हीच रीत विधवेचे कुंकू पुसते, बांगड्या फोडते आणि नवऱ्याच्या आत्महत्येचा दोषही पुष्कळदा तिच्याच माथी मारते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो यासाठीच मोलाचा आहे. दुःखात बुडालेल्या स्त्रीला अपमानित करण्याचा अधिकार समाजाला नाही.

तथापि काही शोक माणसांच्या आधारानेही हलका होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या आणि रोजचे जगणे अशक्य करणाऱ्या तीव्र शोकाला स्वतंत्र विकार मानण्यात आले आहे. महिने लोटूनही झोप नाही, मुलांच्या खाण्यापिण्याकडे लक्ष नाही, 'मीच त्यांना थांबवायला हवे होते' हा एकच ध्यास आहे, किंवा घरातील तरुण मुलगा दारूच्या आहारी गेला आहे, अशी स्थिती दिसली तर तज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे. जगण्यात अर्थ उरला नाही, अशी भाषा कानी आली तर एक दिवसही थांबू नये. जीव देण्याचा विचार मनात येतो काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. मनातले बोलायला वाट मिळते.

यावर काही साथी आक्षेप घेतात की, दुःखाचे मूळ कोसळलेल्या बाजारभावात आणि सावकारीत असताना मानसोपचाराची भाषा म्हणजे व्यवस्थेचा अपराध झाकणे होय. हा आक्षेप टिकणारा नाही. यंत्रात हात सापडलेल्या कामगाराची जखम बांधली म्हणून मालकाला माफी मिळत नाही. हमीभावाचा लढा वर्षानुवर्षे चालेल. त्या स्त्रीला आजची रात्र काढायची आहे.

शिवाय हे साहाय्य म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या अठराव्या कलमाने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. परंतु जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचे तर मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे लागते आणि 'वेडी झाली' हा शिक्का बसतो, तो वेगळाच. हक्क कागदावर राहतो तो येथेच.

म्हणून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी समुपदेशक मिळाला पाहिजे, ही मागणी हमीभावाच्या मागणीबरोबरच मोर्चात आली पाहिजे. आणि ती मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी, विशेषतः महिला कार्यकर्त्यांनी, महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास त्या घरी पुन्हा जावे. गरज दिसली तर तिच्याबरोबर रुग्णालयाची वाट चालावी.