ऋतूचे नाव आणि मिती

जामखेडच्या बाजारपेठेत ऋतूंचा हिशेब सरळ आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागला की खरिपाची लगबग सुरू होते. रब्बी ज्वारीची सारी भिस्त मात्र उत्तरा-हस्ताच्या पावसावर असते, आणि उधारी-उगराणीचे गणितही त्याच बेताने मांडले जाते.

आता याच पेठेतील घरांतली मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी परदेशी असतात. मुलगा कळवतो, “समरमध्ये येईन.” घरची मंडळी एप्रिल-मे समजून लग्नकार्याचा विचार करू लागतात, कारण आपल्या शाळांनी तोच अर्थ शिकवला आहे. मुलगा अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असेल, तर त्याचा समर जून ते ऑगस्ट, म्हणजे आपला भर पावसाळा. ऑस्ट्रेलियात असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारी. शब्द एक, भाषा एक. परंतु अर्थांत सहा महिन्यांचे अंतर.

ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तेथील उन्हाळा दोन इसवी सनांत विभागला जातो. त्यामुळे ‘२०२५ चा समर’ एवढेच लिहिले, तर जानेवारी-फेब्रुवारी २०२५ की डिसेंबर २०२५, हे उमगत नाही. त्याच देशाच्या उत्तरेकडील डार्विन शहरात तर चार ऋतू मानण्याऐवजी ओला आणि कोरडा असे दोनच ऋतू मानतात.

ऋतू कोणत्या दिवशी सुरू होतो, याविषयीही एकमत नाही. अमेरिकेत सर्वसाधारणपणे वसंताचा आरंभ २० मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र समान होतात तेव्हा धरतात. ब्रिटनचे हवामान खाते आकडेवारीच्या सोयीसाठी १ मार्च धरते. आयर्लंडच्या जुन्या परंपरेत वसंत १ फेब्रुवारीलाच येतो. इंग्लंडात २४ जूनला ‘मिडसमर’, म्हणजे मध्य-उन्हाळ्याचा दिवस म्हणतात. पण खगोलीय गणनेनुसार उन्हाळा त्याच्या तीनच दिवस आधी सुरू झालेला असतो! पानगळीच्या ऋतूला ब्रिटिश ‘ऑटम’ म्हणतात आणि अमेरिकन ‘फॉल’. हा दुसरा शब्दही मूळचा इंग्लंडचाच. तो तिथे मागे पडला, अमेरिकेत टिकला.

या गोंधळाला हसण्यापूर्वी आपल्या घरातली पंचांगे उघडून पाहावीत. सहा ऋतूंच्या गणनेत चैत्र हा वसंताचा महिना. श्वेतांबर परंपरेच्या कल्पसूत्रात मात्र वर्षाचे तीन ऋतू आहेत आणि चैत्र हा ग्रीष्माचा पहिला महिना आहे. म्हणजे भगवान महावीरांचे जन्मकल्याणक एका गणनेने वसंतात येते, तर दुसऱ्या गणनेने ग्रीष्मात. मिती मात्र दोन्हीकडे एकच, चैत्र शुद्ध त्रयोदशी.

महिन्यांच्या नावांतही असाच भेद आहे. मारवाडात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. म्हणून निर्वाण कल्याणकाचा दिवस तिकडे कार्तिक वद्य अमावास्या आणि इकडे आश्विन वद्य अमावास्या. दिवाळी तीच, नाव वेगळे. सणाला याने बाधा येत नाही. व्यवहाराला येऊ शकते. मारवाडी पंचांगाची ‘कार्तिक वद्य पंचमी’ महाराष्ट्रीय रीतीने वाचली, तर देणे पूर्ण एक महिना पुढे जाते. हुंडीच्या व्यवहारात महिन्याची चूक म्हणजे व्याजाची आणि त्याहून अधिक पतीची हानी.

पूर्वजांना याची जाण होती. ‘पाऊस सरल्यावर देऊ’ हे बोलण्यात चाले, हुंडीत चालत नसे. मुदती हुंडीत मिती लिहून पुढे दिवसांची मुदत घातलेली असे. चातुर्मासाचा नियमही पावसासाठी असला, तरी तो ढगांवर सोपवलेला नाही; तो तिथीने बांधलेला आहे. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, आणि पुढच्या तिथी सर्वांना आधीच ठाऊक होत्या.

परदेशाशी व्यवहार करताना हीच शिस्त पाळावी. मालाची मागणी ‘फॉल’पर्यंत किंवा ‘स्प्रिंग’साठी आहे असे आले, तर कोणत्या देशाचा आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी विचारून घ्यावे. ‘पहिली तिमाही’ हा शब्दही तसाच फसवा आहे. आपली तिमाही १ एप्रिलला सुरू होते, ऑस्ट्रेलियाचे आर्थिक वर्ष १ जुलैला, तर अनेक अमेरिकन कंपन्यांचे १ जानेवारीला.

घरातही तेच. मेलबर्नच्या सुनेला पर्युषण कळवताना ‘पावसाळ्यात’ म्हणून भागणार नाही, कारण तिच्याकडे तेव्हा हिवाळा संपून वसंत लागत असतो. तिला तारीख कळवावी. आणि मुलगा ‘समर’ म्हणाला, तर कार्यालय ठरवण्यापूर्वी महिना आणि सन त्याच्याकडून लिहून घ्यावा.