माळ्यावरील ट्रंक आणि घरांतला इतिहास

दसरा-दिवाळीच्या आधीं घरांची झाडलोट निघाली म्हणजे माळ्यावरून ज्या वस्तु खालीं येतात, त्यांत मोडका पाळणा, जुनीं पंचांगें व कल्हई गेलेलीं भांडीं यांच्या जोडीला कित्येक घरांत एखादी काळी लोखंडी ट्रंकही असते. तिच्या झांकणावर पांढऱ्या रंगानें एक क्रमांक, एक नांव आणि एका पलटणीचें नांव रंगविलेलें असतें. आंत लोकरीचा डगला, कुबट वासाचीं कांहीं पत्रें, फीत उसवलेलीं दोन-तीन पदकें. हा क्रमांक कोणाचा, हें सांगणारें माणूस घरांत असलें तर ती ट्रंक म्हणजे इतिहास. तें नसलें तर ती अडगळ. या दोहोंमधलें अंतर एका पिढीहून अधिक नसतें, आणि म्हणूनच हा विषय आज वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आपल्या समाजांत कुळाचा अभिमान कांहीं कमी नाहीं. कुलवृत्तांतांचे जाडजूड ग्रंथ आपण वर्गणी काढून छापतों. मूळ पुरुष कोण, कोणती शाखा कोठें स्थायिक झाली, हें तपशिलानें नोंदवितों. पण त्याच ग्रंथांत एखाद्या पुरुषाच्या नांवापुढें ‘लष्करांत नोकरी, निवृत्त’ एवढेच शब्द आढळतात. तो मनुष्य बसऱ्याच्या चिखलांत तंबू ठोकून राहिला कीं ब्रह्मदेशाच्या रानांत तापानें फणफणला, डॉक्टर म्हणून जखमा बांधीत होता कीं कारकून म्हणून रसदीचा हिशेब ठेवीत होता, याचा पत्ता त्या तीन शब्दांवरून लागत नाहीं. कारकुनानें काय पराक्रम केला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या फौजेला वेळेवर पीठ मिळत नाहीं ती फौज लढत नाहीं. बंदूक न उचलणाऱ्याची सेवा ही देखील सेवाच होय.

सरकारदरबारीं याची नोंद असेलच, मग घरानें कशास काळजी करावी, अशी कित्येकांची समजूत असते. ती किती भाबडी आहे हें एकाच उदाहरणावरून दिसेल. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत हिंदुस्थानांतून तेरा लाखांवर माणसें समुद्रापार गेलीं आणि चौऱ्याहत्तर हजारांवर परत आलीं नाहींत. मेसापोटेमियाच्या मोहिमेंत पुणें डिव्हिजन या नांवाची सेनाच आघाडीवर होती व तींत मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कूट येथील वेढ्यांत उपासमार सोसून अखेर ती शत्रूच्या हातीं पडली. त्या मोहिमेंत मेलेल्या व ज्यांची कबर सांपडली नाहीं अशांसाठीं बसरा येथें १९२९ सालीं स्मारक उभें राहिलें. त्यावर गोऱ्या सैनिकांचीं नांवें कोरलीं, हिंदी अधिकाऱ्यांचींही कोरलीं; परंतु साध्या हिंदी शिपायांविषयीं त्यांच्या पलटणीच्या नांवाखालीं केवळ आंकडा घातला. युद्धांतील थडग्यांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगानें २०२१ सालीं अहवाल प्रसिद्ध करून अशा भेदभावाबद्दल क्षमा मागितली. क्षमा मागितली हें ठीकच झालें; पण दगडानें ज्याला आंकडा केलें, त्याला पुन्हां माणूस करण्याचें साधन बहुतेक त्याच्या घरींच असावयाचें!

पत्रांचीही तीच गोष्ट. फ्रान्सांतील हिंदी सैनिकांचीं पत्रें तपासण्यासाठीं सरकारनें खास कचेरी उघडली होती. तिनें निवडक मजकुराचे इंग्रजी तर्जुमे करून अहवालांस जोडले. ते लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत आज अभ्यासकांस पाहावयास मिळतात. मूळ पत्रें मात्र गांवोगांवच्या घरीं गेलीं, आणि त्यांतलीं फारच थोडीं आज उपलब्ध आहेत. म्हणजे पहारेकऱ्यानें केलेली नक्कल टिकली, आणि जिव्हाळ्यानें ज्यांनीं तीं छातीशीं धरलीं त्यांच्या घरचें मूळ वाळवीनें खाल्लें. जर्मनांच्या कैदेंत पडलेल्या हिंदी शिपायांचे आवाज तेथील पंडितांनीं भाषाशास्त्रासाठीं तबकड्यांवर उतरून घेतले; ते बर्लिनच्या विद्यापीठांत अद्यापि जपलेले आहेत. परक्यानें आपल्या कामापुरतें जपलें तें राहिलें. आपण प्रेमानें ठेवलें पण नोंदलें नाहीं, तें गेलें.

याच्या उलट एका आजीची हकीगत सांगण्याजोगी आहे. कल्याणकुमार मुखर्जी हा बंगाली तरुण लष्करी डॉक्टर म्हणून मेसापोटेमियांत गेला, कूट येथें कैद झाला आणि १९१७ सालीं कैदेंतच वारला. त्याचीं घरीं आलेलीं पत्रें त्याच्या आजीनें, मोक्षदादेवींनीं, एकत्र केलीं आणि ऐंशीच्या घरांत असतांना, १९२८ सालीं, त्यांच्या आधारें नातवाचें चरित्र छापलें. त्या म्हाताऱ्या हातांनीं तें काम केलें नसतें तर कूटच्या वेढ्याकडे पाहणारी एक सुशिक्षित हिंदी दृष्टि कायमची मिटली असती. विशेष हें कीं, युद्धाविषयीं त्या तरुणास वाटलेली उद्विग्नताही त्या पुस्तकांत आली आहे. आजीनें नातवाचा पुतळा केला नाहीं. त्याला बोलूं दिलें.

आपल्याकडेही १८५७ च्या धामधुमींतून परतलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनीं ‘माझा प्रवास’ लिहिला तो चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, घटनेला पंचवीस वर्षें उलटल्यावर; आणि तो छापला गेला १९०७ सालीं. भटजी शिपाई नव्हते, पण जें पाहिलें तें त्यांच्यापाशीं होतें. कोणीतरी विचारलें, म्हणून तें आपल्यापर्यंत पोंचलें. विचारणारा भेटला नाहीं म्हणून किती प्रवास चितेवर गेले असतील, याची गणती कोणी करावी?

तेव्हां पहिलें काम विचारण्याचें. १९७१ च्या युद्धांत जे विशीचे होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. दुसऱ्या महायुद्धांतले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतील. परंतु ‘आजोबा, लढाई कशी होती हो?’ असें विचारल्यास ‘होती, झालें!’ याखेरीज उत्तर मिळणार नाहीं. लहान गोष्टी विचाराव्या. पहिल्या दिवशीं जेवावयास काय मिळालें? पत्र किती दिवसांनीं येई? शेजारच्या खाटेवर कोण होतें, आणि तो पुढें कोठें गेला? शेवटच्या प्रश्नाला कदाचित् उत्तर येणार नाहीं. तेथें थांबावें. ज्यानें मित्र गमावला त्याच्या मौनावर नातवंडांच्या कुतूहलाचा हक्क नाहीं. मात्र आपण होऊन तो बोलूं लागला, तर त्या वेळीं ताट वाढण्याची घाई करूं नये. आजकाल प्रत्येकाच्या खिशांत ध्वनि टिपणारें यंत्र असतें. परवानगी घेऊन तें सुरू करावें, आरंभीं दिवस, स्थळ व बोलणाराचें नांव उच्चारावें, आणि त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या. आणि आजोबांइतकेंच आजींसही विचारावें. तार घेऊन शिपाई दारांत उभा राहिला त्या दिवशीं चुलीवर काय होतें, हें फक्त त्यांनाच ठाऊक असतें.

दुसरें काम वस्तूंचें. हिंदी सैनिकांस मिळालेल्या पदकांच्या कडेवर बहुधा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण उमटविलेली असते. पलटणीच्या दप्तरांत चौकशी करावयाची तर तोच धागा. म्हणून चिंच-रांगोळीनें किंवा बाजारच्या पॉलिशनें पदकें घांसण्याचा मोह गृहिणींनीं आवरावा. चकाकी येते, पण अक्षरें झिजतात. चांदी म्हणून तीं सोनारास घालणें तर केवळ करंटेपणा. फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकाचें नांव लिहावें. पत्रें घड्या उलगडून, टांचण्या काढून, स्वच्छ कागदांत सपाट ठेवावीं. त्यांस चिकटपट्टी लावूं नये, प्लॅस्टिकमध्यें कायमचीं बंदही करूं नये. लोकरी गणवेश धुतलेल्या मलमलींत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवावा व वर्षांतून एकदां त्याच्या घड्या बदलाव्या. एखादें जुनें पिस्तूल वा तोफगोळा निघाला तर मात्र तो दिवाणखान्यांत मांडूं नये, हातही लावूं नये, पोलिसांस कळवावें. १९५९ चा शस्त्रकायदा आठवणींस सूट देत नाहीं, आणि जुना दारूगोळा मुळींच देत नाहीं.

कोणी म्हणेल, हें सारें युद्धाचें स्तोम माजविणें होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. स्तोम माजतें तें तपशील हरवल्यावर. ज्या घरांत भूक, भीति, चुकलेला हुकूम आणि मेलेला सोबती यांची खरी आठवण जपलेली असते, त्या घरांतलीं मुलें युद्धाविषयीं सहसा सवंगपणें बोलत नाहींत. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलें जातें. तेथें पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस फौजेंत जात आला. तेथल्या मायबहिणींस युद्ध म्हणजे काय, हें सभेंत उठून सांगण्याची गरज नाहीं.

राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट करून लोकांच्या घरांतून जीर्ण दप्तरें मिळविलीं, तेव्हां कोठें मराठ्यांच्या इतिहासास साधनें लाभलीं. आपल्या घरच्या ट्रंकेसाठीं कोणी राजवाडे यावयाचे नाहींत. तें काम घरच्यांनींच केलें पाहिजे. आणि त्यासाठीं दिवसही आपल्या परंपरेनें नेमून ठेवलाच आहे. खंडेनवमीस आपण शस्त्रें व हत्यारें पुजतों. तीं नसलेल्या घरीं सुरी-कात्रीस हळदकुंकू वाहतों. त्या दिवशीं ट्रंक खालीं काढावी, उन्हांत कपडे उलगडावे, पदकें पाटावर मांडावीं, आणि मुलांस जवळ बसवून प्रत्येक वस्तूचें नांवगांव सांगावें. सांगतांना एकानें तें वहींत उतरून घ्यावें. यंदा निदान वहीचें पहिलें पान लिहून व्हावें, एवढेंच वाचकांकडे आमचें मागणें आहे.