खोकल्याचा काढा आणि हातातलं घड्याळ

आमच्या बोदवडला दिवाळी सरली की दोन गोष्टी बरोबरच येतात: बाजारात कापूस आणि घरोघरी खोकला. पहाटेचा गारठा, दुपारचं ऊन आणि त्यात धूळ! मग एरवी शेळीही ज्याला तोंड लावत नाही, त्या कुंपणाच्या अडुळशाला एकदम भाव येतो.

आमच्या घरचा काढा असा. दोन पेले पाण्यात अडुळशाची तीन पिकली पानं, तुळशीची आठ-दहा पानं, गवती चहाची एक पात, पेरभर आलं, दोन मिरी नि ज्येष्ठमधाचा लहानसा तुकडा घालावा. मंद आचेवर निम्मं आटवून गाळावं आणि कोमट झाल्यावर मध घालावा. मोठ्यांनी अर्धा पेला दिवसातून दोनदा घ्यावा, तोही चार-पाच दिवसच. घसा मोकळा होतो, रात्री झोप लागते.

अडुळसा म्हणजे नुसती आजीबाईंची समजूत नव्हे. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं. पण ज्यात गुण आहे, त्यात अपायही असू शकतो. दिवस गेलेल्या बाईनं अडुळसा घेऊ नये. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध वगळावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नये. तान्ह्याच्या छाती-नाकाला कापूर लावू नये, आणि उकळत्या पाण्याचं पातेलं मुलांपुढे वाफेसाठी ठेवू नये. भाजण्याची भीती मोठी.

‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून महिनोन् महिने काढे पिणंही बरं नव्हे. २०२० साली, करोनाच्या दिवसांत, गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाला हे पटलं नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं त्यांचं म्हणणं. वाद काही असो, वेल ओळखता येत नसेल तर हात आवरावा हेच शहाणपण. बाळाची खरी ताकद अंगावरचं दूध, चौरस आहार, धूर नसलेलं स्वयंपाकघर आणि वेळेवर लस यांतच. न्यूमोनियाची न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते.

आता माझी चूक सांगते. धाकटा दीड वर्षाचा असताना त्याला सर्दी झाली. सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी शेकली, मी तुळशीचा रस दिला. तिसऱ्या दिवशी पोर दूध घेईना. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, श्वास मोजलेत का?” बी. ए. झालेली, शाळेत शिकवणारी मी गप्प! न्यूमोनिया होता. औषधानं निभावलं, पण दोन दिवस फुकट गेले ते गेलेच.

मोजणं अगदी सोपं आहे. मूल शांत असताना, रडत नसताना, सदरा वर करून पोट किती वेळा वर येतं ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास भरले, तर लगेच डॉक्टर गाठायचा. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा कितीही असो, थांबायचं नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना हे मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. त्यामुळे न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू कमी झाले, हे १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. थोडं शिकून खेड्यातल्या माणसांना जमलं, ते आपल्याला का जमू नये?

तेव्हा काढा जरूर उकळा. पण तो उकळेपर्यंत पोराच्या उशाशी बसून एक मिनिट मोजा.