पडझडीचे दोन धनी

टाळेबंदीत चित्रपटगृहे बंद असल्याने १२ जून २०२० रोजी थेट ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आलेल्या ‘गुलाबो सिताबो’ने प्रेक्षकांत दोन तट पाडले. शूजित सरकार दिग्दर्शित आणि जुही चतुर्वेदी लिखित हा चित्रपट एका तटाला रटाळ व पाल्हाळिक वाटला, तर दुसऱ्याने त्याच्या संथपणातच विनोदाची खरी जागा पाहिली. वाद गतीवरून सुरू होत असला, तरी त्याचे मूळ पडद्यावरच्या घरमालकाकडून बाळगलेल्या अपेक्षेत आहे.

मराठी प्रेक्षकाची ही अपेक्षा ‘अशी ही बनवाबनवी’ने (१९८८) बरीचशी घडवलेली आहे. त्यातला विश्वासराव सरपोतदार भाडेकरूला घराबाहेर काढतो आणि तिथूनच सोंगांची धमाल सुरू होते. प्रहसनात, म्हणजे गैरसमज व वेषांतर यांच्या गुंत्यातून हसवणाऱ्या नाट्यप्रकारात, घरमालक हा कथेला पुढे ढकलणारा अडसर असतो. लखनौच्या फातिमा महलातला मिर्झा (अमिताभ बच्चन) मात्र काहीच पुढे ढकलत नाही. हवेलीतले बल्बसुद्धा काढून विकणारा हा म्हातारा हवेलीची मालकीण असलेल्या आणि वयाने थोरल्या बायकोच्या, बेगमच्या, मरणाकडे डोळे लावून बसलेला आहे. पिठाची गिरणी चालवणारा भाडेकरू बांके (आयुष्मान खुराना) महिना ३० रुपये भाडे देतानाही खळखळ करतो, रागाच्या भरात सामायिक शौचालयाच्या भिंतीला लाथ घालतो, विटा ढासळतात आणि त्या कोणी बसवायच्या यावरून दोघे हमरीतुमरीवर येतात, पण भिंत काही उभी राहत नाही.

या भांडणाचे अर्थशास्त्र मुंबईच्या चाळींना नवे नाही. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने ‘प्रमाण भाडे’, म्हणजे कायद्याने मान्य केलेले कमाल भाडे, सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधले, त्यामुळे भाडेकरूला संरक्षण मिळाले खरे, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. या कायद्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम १४नुसार घर राहण्याजोगे राखणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि तो हलगर्जी करील, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांश इतकाच. बांकेच्या भाड्याला हे सूत्र लावल्यास वर्षाकाठी ९० रुपये निघतात, आणि तेवढ्यात भिंत बांधून देणारा गवंडी सापडणे कठीण. मिर्झाला खलनायक ठरवण्याची सोय चित्रपट ठेवत नाही, ती याच कारणाने, आणि येथे चित्रपटाची बाजू घेणारा तट बरोबर आहे.

चित्रपट रटाळ ठरवणाऱ्या तटाची तक्रारही अगदीच निराधार नाही. पुरातत्त्व खात्याचा अधिकारी आणि वकील कथेत शिरल्यावर लढाई हवेलीच्या कब्ज्याची होते, दुरुस्तीचा प्रश्न वाऱ्यावर सुटतो आणि विनोदाची धार बोथट होते. शेवटी बेगम हवेली एका रुपयात जुन्या प्रियकराला विकते, तेव्हा मिर्झा व बांके दोघेही हात चोळत बसतात.

बदलापूर पूर्वेच्या कात्रपसारख्या वसाहतीत, जिथे मुंबईच्या चाळी सोडून आलेल्या अनेक कुटुंबांनी कर्ज काढून ‘ओनरशिप’चे घर घेतले, या चित्रपटाला आणखी एक अर्थ येतो. येथे हसायला मिर्झा नाही, कारण प्रत्येक सभासदच मालक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीत जमा व्हायला हवी; तरीही वार्षिक सभेत गच्चीच्या गळतीचा विषय निघाला, की तळमजल्याचा सभासद ‘आमच्याकडे गळत नाही’ म्हणून अंग काढून घेतो आणि वरच्या मजल्याचा सभासद बिल्डरकडे बोट दाखवतो. मे २०२१ मध्ये जवळच्या उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली, त्यानंतर या टोलवाटोलवीला निरुपद्रवी म्हणता येत नाही. चित्रपट संथ आहे की नाही, यावर दुमत राहील. मिर्झाचा कंजूषपणा आणि बांकेचा हेकटपणा एकाच सभासदाच्या अंगी असू शकतो, हे मात्र पुढच्या सर्वसाधारण सभेत दुरुस्ती निधी वाढवण्याचा ठराव मतास टाकला की स्पष्ट दिसेल.